वेल्समधले तीन जलाशय: धरण सगळीकडे दिसतं, बुडालेलं गाव कुठे कळतं?

निकाल आधीच सांगायचा तर सोयी हव्या असतील तर एलान, दगडी बांधकाम बघायचं असेल तर व्हर्न्वी, आणि पाण्याखाली गेलेलं गाव समजून घ्यायचं असेल तर केलिन. या तीन ठिकाणांचे आढावे पुष्कळ वाचायला मिळतात. पक्षी किती दिसले, सायकलीची वाट कशी आहे, कॉफी कशी मिळते हे सगळं त्यात येतं. इथे कसोटी एकच लावली आहे. दूरच्या शहराची तहान भागवण्यासाठी इथली माणसं उठवली गेली, हे इथे येणाऱ्या माणसाला कळतं का? आणि कळण्यासाठी त्याने नेमकं कुठे उभं राहायचं?

एलानचं पाणी बर्मिंगहॅमला जातं. व्हर्न्वी आणि केलिन हे दोन्ही लिव्हरपूलसाठी बांधलेले. दोन्ही शहरं इंग्लंडमध्ये, तिन्ही खोरी वेल्समध्ये. नावं बोर्डावर वेगळी दिसतात आणि कानाला वेगळी लागतात, म्हणून आधी एवढं लक्षात ठेवा: वेल्श भाषेत एक एफ म्हणजे व, दोन डी म्हणजे मऊ द, सीएच म्हणजे ख, आणि डब्ल्यू बहुतेक वेळा उ किंवा ऊ. दोन एल एकत्र आले की जीभ ल च्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची. हे जमलं नाही तरी चालतं, पण रस्ता विचारताना पहिल्या चार गोष्टी फार उपयोगी पडतात.

आता सगळ्यात जास्त निराशा करणारा गैरसमज. पाण्यातून चर्चचा कळस वर आलेला दिसेल, अशा अपेक्षेने लोक येतात. तसं काही दिसत नाही. पाणी साठवण्याआधी बुडीत क्षेत्र साफ करायची पद्धतच असते: झाडं तोडतात, घरं पाडतात, म्हणजे तरंगणारं लाकूड आणि मोडतोड पाणी घेण्याच्या दारांशी येऊन अडकत नाही. व्हर्न्वीच्या पाण्याखालचं लानूदिन आणि केलिनच्या पाण्याखालचं कापेल केलिन या दोन्ही गावांतली घरं अशीच आधी पाडली गेली. त्यामुळे पाणी खूप खाली गेलं तरी दिसतात त्या गुडघाभर उंचीच्या भिंती, जुन्या रस्त्याच्या कडेचे दगड, एखाद्या पुलाची कमान, झाडांचे बुंधे. तेही दर वर्षी नाही, पावसाने ओढ दिलेल्या वर्षीच. गाव शोधायचं असेल तर कोरडा उन्हाळा सरल्यावर सप्टेंबरमध्ये जा. धरणावरून कोसळणारं पाणी बघायचं असेल तर हिवाळ्यात, सलग आठवडाभर पाऊस झाल्यावर जा. एकाच फेरीत दोन्ही मिळत नाही, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते: जूनमध्ये जातात, तेव्हा जलाशय बऱ्यापैकी भरलेला असतो पण सांडवा कोरडा असतो.

एलान खोऱ्यापासून सुरुवात करू, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला तेच सोपं. रायडर या छोट्या बाजारगावातून बी ४५१८ रस्त्याने साधारण ५ किलोमीटरवर कबान कोख धरणाच्या पायथ्याशी माहिती केंद्र आहे. वाहनतळ सशुल्क आहे, स्वच्छतागृह आणि उपाहारगृह आहे, लहान मुलांना घेऊन आरामात अर्धा दिवस जातो. पूर्वी बांधकामासाठी टाकलेल्या रेल्वेमार्गाची आता चालायची आणि सायकलीची वाट झाली आहे. ती रायडरजवळून निघून थेट सगळ्यात वरच्या क्रेग गोख धरणापर्यंत जाते. रुळांची वाट असल्यामुळे बराचसा चढ सौम्य आहे, चाकाच्या खुर्चीलाही तिचा मोठा भाग जमण्यासारखा आहे.

बर्मिंगहॅम महापालिकेने १८९२ मध्ये संसदेकडून कायदा करून घेतला, १८९३ मध्ये काम सुरू झालं आणि २१ जुलै १९०४ रोजी राजा सातवा एडवर्ड आणि राणी अलेक्झांड्रा यांच्या हस्ते उद्घाटन झालं. अभियंता जेम्स मॅन्सर्ग. हेच खोरं का निवडलं, याची उत्तरं तिथे उभं राहून डोळ्यांनी पटतात. पाऊस भरपूर, खडक पाणी झिरपू न देणारा, खोऱ्याचं तोंड अरुंद म्हणजे भिंत लहान लागते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही जागा बर्मिंगहॅमपेक्षा उंच. पाणी ११८ किलोमीटर दूर, बर्मिंगहॅमजवळच्या फ्रँकली जलाशयापर्यंत एकही पंप न लावता जातं. उतार २३०० ला १, म्हणजे एक किलोमीटर अंतरात जेमतेम ४३ सेंटिमीटरची उतरण. संपूर्ण वाटेत पाणी सुमारे ५२ मीटर खाली येतं आणि पोचायला साधारण दीड दिवस घेतं.

आता ज्या जागेसाठी एलानला जावंच, ती जागा. गारेग दी नावाचा कमानींचा पूल जलाशय ओलांडतो. बहुतेक लोक फोटो काढून पुढे जातात. या पुलाच्या पायाखाली एक आख्खं धरण बुडालेलं आहे, आणि ते मुद्दाम बुडवलेलं आहे. बर्मिंगहॅमकडे जाणारं पाणी थोडं वर असलेल्या वोइल टॉवरमधून, ठरावीक उंचीवरून घेतलं जातं. खालचं कबान कोख धरण वाय नदीत ठरलेलं पाणी सोडतं, त्यामुळे त्याची पातळी उतरते. पातळी टॉवरच्या दारांखाली गेली तर ५२ मीटरची सगळी गणितं फुकट. म्हणून मध्ये हा आडवा बांध घातला. खालचं पाणी उतरलं तरी बांधाच्या वरच्या अंगाला पाणी अडून राहतं आणि टॉवरला मिळत राहतं. जलाशय भरलेला असताना यातलं काही दिसत नाही. कोरड्या वर्षी पुलाखाली पाणी एका बाजूने दुसऱ्या बाजूला पायरीवरून उतरल्यासारखं पडताना दिसतं, आणि मग सगळी रचना एका नजरेत उलगडते.

याच रचनेमुळे बुडालेल्या घरांचं नशीबही वेगवेगळं झालं. नान्तग्विल्त हे मोठं घर पुलाच्या खालच्या अंगाला, कबान कोखच्या पाण्यात गेलं. तिथली पातळी जास्त उतरते, म्हणून कडक अवर्षणात त्याच्या बागेच्या भिंती उघड्या पडतात. क्वम एलान हे दुसरं घर बांधाच्या वरच्या अंगाला गेलं, जिथे पाणी अडवूनच धरलेलं असतं. पुलावर उभं राहून खालच्या बाजूला बघायचं, वरच्या नाही, एवढं माहीत नसल्यामुळे लोक चुकीच्या बाजूला दुर्बीण लावून बसतात. पुलाच्या टोकाशी झाडीत जे छोटं नान्तग्विल्त चर्च आहे, ते महापालिकेने बुडालेल्या चर्चच्या बदल्यात बांधून दिलेलं आहे. दोन मिनिटं थांबून बघण्यासारखं आहे.

या दोन्ही घरांची आठवण टिकली याचं एक कारण इंग्रजी कवी शेली तिथे राहिला होता हे आहे. पण पाण्याखाली गेलं ते तेवढंच नव्हतं. अठरा शेतवस्त्या, शाळा, चर्च, बाप्टिस्ट प्रार्थनाघर, सगळं गेलं आणि सुमारे १०० माणसं उठली. भरपाई मिळाली ती जमिनीच्या मालकांना. कुळांना, मजुरांना, घरकामाला असलेल्यांना काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्याने जमीन कसली त्याचं नाव सातबाऱ्यावर नसेल तर तो धरणग्रस्त ठरत नाही, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. एलानमध्ये दगडाने, घुमटांनी आणि कमानींनी जे बोलतं ते धरण आहे. कुळांसाठी त्या तोडीचं काही नाही, आणि या कसोटीवर एलान मागे पडतं.

वरची दोन धरणं, पेन अ गारेग आणि क्रेग गोख, देखणी आहेत. क्रेग गोखचा कमानदार वळसा आणि घुमटाची छोटी इमारत बघून घ्या. पेन अ गारेगच्या भिंतीत मधल्या मनोऱ्यापर्यंत जाणारा बोगदा आहे, तो फक्त ठरलेल्या खुल्या दिवशी उघडतात, म्हणून तारीख आधी बघा. शेजारच्या खोऱ्यातलं क्लायरवेन हे १९५२ मधलं, काँक्रीटचं आणि वरून दगड लावलेलं. तिकडे जाताना दोल अ मनाख धरणाचं अर्धवट काम दिसतं. कबान कोख भरल्यावर त्याचा पाया पाण्यात जाणार होता म्हणून तो आधीच बांधून ठेवला होता. पुढे एकच मोठं क्लायरवेन बांधायचं ठरलं आणि तो तसाच राहिला.

तिथून उत्तरेला जाताना लानिदलोसजवळ क्लवेदोग धरण लागतं. १९६७ चं, ७२ मीटर उंच, ब्रिटनमधलं सगळ्यात उंच काँक्रीट धरण. ते सेव्हर्न नदीला उन्हाळ्यात पाणी पुरवून वाहतं ठेवण्यासाठी आहे. वरच्या थांब्यावरून अर्धा तास पुरतो.

व्हर्न्वीकडे जाणारे रस्ते अरुंद आहेत, बरेचसे एकाच गाडीच्या रुंदीचे. समोरून गाडी आली तर बगल द्यायच्या जागेपर्यंत मागे घ्यावी लागते. रायडरहून दीड तासापेक्षा जास्तच धरा.

जलाशय दिसतो तेव्हा मात्र श्वास रोखला जातो, यात शंका नाही. धरण १८८१ ते १८८८ या काळात बांधलं. ब्रिटनमधलं हे पहिलं मोठं दगडी धरण. त्याआधी तिथे मातीच्या भरावाची धरणं बांधत. लांबी ३५७ मीटर, पायापासून उंची ४४ मीटर. अभियंते टॉमस हॉक्सली आणि जॉर्ज डीकन. वरून रस्ता जातो आणि रस्त्याखालच्या कमानींमधून जादा पाणी थेट भिंतीच्या माथ्यावरून खाली पडतं. बाजूला वेगळा सांडवा नाही. म्हणून भरपावसात या भिंतीचा संपूर्ण दर्शनी भाग पांढरा होतो. तो बघायला भिंतीवर नाही, खाली पायथ्याशी जायचं. वर उभं राहिलं की पायाखालून पाणी जातंय हे फक्त आवाजाने कळतं.

काठाला परीकथेतल्या किल्ल्यासारखा जो मनोरा दिसतो, तो शोभेचा नाही. पाणी जलवाहिनीत शिरण्याआधी त्यातला कचरा बारीक धातूच्या जाळीतून गाळण्याची ती जागा. तिथून बोगद्यातून आणि नळांमधून पाणी १०० किलोमीटरहून लांब लिव्हरपूलकडे जातं. पहिलं पाणी तिथे १८९२ मध्ये पोचलं.

तळाशी गेलेलं गाव म्हणजे जुनं लानूदिन. चर्च, दोन प्रार्थनाघरं, तीन खानावळवजा दारूगुत्ते, दहा शेतघरं आणि ३७ घरं, असा त्याचा हिशेब मिळतो. इथे महापालिकेने धरणाच्या खाली नवं गाव बांधून दिलं, नवं चर्च बांधलं आणि जुन्या दफनभूमीतले मृतदेह उकरून नव्या चर्चच्या आवारात पुन्हा पुरले. एलानच्या तुलनेत हे पुनर्वसन बरं म्हणावं लागेल. पण एक गोष्ट नजरेतून सुटते. नवं गाव धरणाच्या खालच्या अंगाला आहे. म्हणजे ज्यांची घरं बुडाली त्यांच्या रोजच्या नजरेसमोर पाणी नव्हतं, ती दगडी भिंत होती. नव्या चर्चपासून धरणाकडे बघितलं की हे एकदम जाणवतं, म्हणून व्हर्न्वीला जलाशयाच्या प्रदक्षिणेपेक्षा चर्चला आधी वेळ द्या. बांधकामाच्या काळात मेलेल्या मजुरांचं स्मारकही आहे, तेही बघा. जलाशयाभोवतीचा रस्ता सुमारे १९ किलोमीटरचा, सायकलीला उत्तम. बाकी पक्षी अभयारण्य, शिल्पांची बाग, हॉटेल या सगळ्यात दिवस छान जातो, आणि नेमकं त्यामुळेच गाव विसरलं जातं. सहलीसाठी पाचपैकी पाच, गाव कळण्यासाठी पाचपैकी अडीच.

इथून बाला गावाकडे डोंगरातून हिरनान्त खोऱ्याचा रस्ता जातो. दुसरा रस्ता ब्वल्ख अ ग्रोइस या ५४५ मीटर उंचीच्या खिंडीतून. दोन्ही अरुंद. बर्फ किंवा दाट धुकं असेल तर यातल्या कुठल्याही रस्त्याने जाऊ नका, लांबचा वळसा घ्या.

आणि मग केलिन. बालाहून ए ४२१२ रस्त्याने त्राउसवनिदच्या दिशेने निघालं की काही मिनिटांतच धरण लागतं. दगडी भिंत नाही, गवत उगवलेला लांबलचक भराव. अनेकांना तर आपण धरणाजवळून गेलो हेही कळत नाही. रस्ता जलाशयाच्या उत्तर काठाने जातो. एलानसारखं मोठं माहिती केंद्र इथे नाही. काठावर थांबायच्या जागा आहेत, एक छोटी दगडी स्मारक-वास्तू आहे, तिच्या बाजूला बुडालेल्या दफनभूमीतून आणलेल्या शिळांची बाग आहे. वास्तूच्या आत जाता येईलच असं धरून चालू नका. बाहेरून बघायला तासभर पुरेसा आहे.

हे गाव १९६५ मध्ये बुडालं. एलान आणि व्हर्न्वीच्या काळात फोटो, वर्तमानपत्रं, निदर्शनं यांचं जग वेगळं होतं. केलिनच्या वेळी सगळं नोंदवलं गेलं, आणि त्यामुळेच इथे फलक कमी असले तरी गाव जास्त कळतं. कापेल केलिन हे पूर्णपणे वेल्श बोलणारं गाव होतं. बारा घरं आणि शेतवस्त्या, शाळा, टपाल कार्यालय, प्रार्थनाघर, दफनभूमी. ६७ रहिवाशांपैकी ४८ जणांची घरं गेली. लिव्हरपूल महापालिकेने वाट अशी काढली: वेल्समधल्या स्थानिक संस्थांकडे परवानगी मागत बसण्याऐवजी थेट लंडनच्या संसदेत खासगी विधेयक आणलं. विधेयक मंजूर झालं की स्थानिक परवानगीची गरजच उरत नाही. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही बाजूने मत दिलं नाही. तरी १ ऑगस्ट १९५७ रोजी कायदा झाला. संख्याबळ इंग्लंडचं होतं.

त्याआधी नोव्हेंबर १९५६ मध्ये गावकरी मुलाबाळांसह लिव्हरपूलला गेले आणि फलक घेऊन रस्त्यांवरून चालले. तुमची घरं सुरक्षित आहेत, आमची वाचवा, असं त्यांचं म्हणणं होतं. बांधकाम चालू असताना १९६२ आणि १९६३ मध्ये कामाच्या जागी तोडफोड झाली, वीज रोहित्र स्फोटाने उडवलं गेलं, तरुण तुरुंगात गेले. २१ ऑक्टोबर १९६५ चा उद्घाटन सोहळा निदर्शकांच्या गदारोळात काही मिनिटांतच गुंडाळावा लागला. पुढच्याच वर्षी वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे ग्विनवोर एव्हान्स कार्मार्दनमधून संसदेत निवडून गेले. लिव्हरपूलच्या नगरपरिषदेने ऑक्टोबर २००५ मध्ये माफी मागितली, तेव्हा गाव बुडून ४० वर्षं झाली होती.

दफनभूमीचं काय झालं, हे स्मारकाजवळ उभं राहून माहीत असायला हवं. आठ मृतदेह उकरून दुसरीकडे नेले. बाकीचे तिथेच ठेवले आणि दफनभूमीवर काँक्रीट घातलं. म्हणजे काठावरच्या बागेत ज्या शिळा दिसतात, त्यातल्या बऱ्याच शिळांखाली कोणी नाही. ज्यांची ती नावं आहेत ती माणसं समोरच्या पाण्याच्या तळाशी आहेत. या बागेत मोठ्याने बोलू नका, शिळांवर बॅगा टेकवू नका. फोटोसाठी शिळांवर चढणारे लोक असतात, त्यांना शांतपणे सांगायला हरकत नाही.

रस्त्याच्या कडेला आणखी एक शिळा आहे, ती गाडीच्या वेगात हमखास निसटते. हावोद वादोग या शेतघराची ती. सतराव्या आणि अठराव्या शतकात क्वेकर पंथाचे लोक तिथे प्रार्थनेला जमत. छळाला कंटाळून त्यातले काही पेनसिल्व्हेनियाला निघून गेले. त्यांची दफनभूमीही याच पाण्याखाली आहे.

केलिनचं पाणी लिव्हरपूलला नळाने जात नाही, ही गोष्ट इथे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना माहीत नसते. एलान आणि व्हर्न्वी म्हणजे जलाशयातून थेट बंद वाहिनी. केलिन ही नदीला पाणी पुरवणारी टाकी आहे. कोरड्या दिवसांत इथून त्रिवेरिन नदीत पाणी सोडतात, ते बालाजवळ डी नदीला मिळतं, डी वाहत चेस्टरपर्यंत जाते आणि शहराचं पाणी तिथे, हंटिंग्टनला उचललं जातं. मधली सगळी वाहिनी म्हणजे खुद्द नदी. यातूनच धरणाखालचं राष्ट्रीय खळाळत्या पाण्याचं केंद्र चालतं, जिथे तराफे आणि कायाक चालवतात. बाकीच्या नद्या उन्हाळ्यात आटतात तेव्हाही इथे पाणी असतं, कारण ते धरणातून सोडलेलं असतं. पण पाणी सोडण्याचे दिवस ठरलेले असतात. न विचारता गेलात तर दगडांमधून पातळ धार बघून परत याल. शेजारच्या व्रोनगोख गावात १९१६ मध्ये आयरिश बंडखोरांना डांबून ठेवण्याची छावणी होती, आयरिश नेता मायकेल कॉलिन्सही तिथे कैदेत होता. तिथेही एक स्मृतिशिळा आहे.

याच मालिकेतली चौथी जागा जलाशयावर नाही, समुद्राजवळ आहे. अ‍ॅबरिस्टविथच्या दक्षिणेला ए ४८७ रस्त्यावर, लानरिस्टिद गावाच्या जरा अलीकडे, पडक्या घराची एक भिंत उभी आहे. लाल पार्श्वभूमीवर पांढरी दोन शब्दांची ओळ: कोवियूख द्रिवेरिन, म्हणजे त्रिवेरिन (केलिनखाली बुडालेलं खोरं) विसरू नका. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मायक स्टीफन्स यांनी ती रंगवली. पहिल्या ओळीत एक चूक होती. वेल्शमध्ये आधीच्या शब्दामुळे पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. आपल्याकडे घोडा या शब्दाला ला लागला की घोड्याला होतं, तसाच बदल, फक्त तो शब्दाच्या सुरुवातीला. त्यामुळे इथे त्रिवेरिनचं द्रिवेरिन व्हायला हवं होतं, ते राहून गेलं होतं. भिंत वेळोवेळी पुन्हा रंगवली गेली तेव्हा ते सुधारलं. २०१९ मध्ये कोणीतरी तिच्यावर दुसरं काही खरडलं, मग भिंतीचा भाग पाडलाही. लोकांनी ती लगेच पुन्हा उभी केली आणि त्याच दोन शब्दांच्या भिंती वेल्सभर रंगवल्या गेल्या. रस्ता वेगवान वाहतुकीचा आहे आणि भिंत वळणाजवळ आहे. रस्त्यात गाडी उभी करू नका, थांबायला जागा मिळाली तरच थांबा.

सार्वजनिक वाहतुकीने हे सगळं करायचं ठरवलं तर फार आधी बेत करावा लागेल. रायडरला रेल्वे नाही, जवळचं स्थानक लँड्रिंडॉड वेल्स. बालालाही रेल्वे नाही. बाला ते ब्लायनाय फेस्तिनिओग हा जुना रेल्वेमार्ग याच जलाशयाच्या पाण्याआड आला आणि बंद झाला. रेक्सम आणि बारमथ यांच्यामध्ये धावणारी टी ३ बस बालाला थांबते, पण ती केलिनच्या काठाने जात नाही. बालाहून पुढे टॅक्सी किंवा सायकल.

नकाशे कागदी घ्या. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० मालिकेत एलानसाठी २०० क्रमांक, व्हर्न्वीसाठी २३९, केलिनसाठी ओएल १८. खोऱ्यांमध्ये फोनला रेंज कधी येते कधी जाते, रस्ता दाखवणारं अ‍ॅप ऐन घाटात बंद पडतं. उघड्या पडलेल्या तळात उतरू नका. वरून वाळून भेगाळलेला गाळ आत मऊ असतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि एकट्याने निघत नाही. तिथला दगड, खापर, खिळा, काहीही उचलून आणू नका.

केलिनला जाण्याआधी घरी एक काम करून ठेवा. नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सच्या संग्रहात जेफ चार्ल्स या वृत्तछायाचित्रकाराने काढलेले कापेल केलिनचे फोटो आहेत, ते इंटरनेटवर बघता येतात. शाळा, टपाल कार्यालय, घरांची आवरासावर, पाडकाम. त्यातले ज्यांच्यात मागे डोंगराची रेघ दिसते असे चार-पाच फोटो फोनमध्ये उतरवून घ्या. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर जुने सहा इंची (एका मैलाला सहा इंच या प्रमाणाचे) नकाशे आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून बघता येतात, इंग्लंड-वेल्सचेही. त्यात जुना रस्ता, नदी आणि प्रार्थनाघर जिथे दिसतं त्या भागाचाही फोटो घेऊन ठेवा. मग स्मारकाजवळ उभं राहून दक्षिणेकडे तोंड करा. आरेनिग वाउर हा ८५४ मीटरचा डोंगर दिसेल. घरं गेली, रस्ता गेला, झाडं गेली, पण डोंगराची रेघ तीच आहे. फोटोतलं शिखर आणि समोरचं शिखर एका रेषेत येईपर्यंत काठाने डावी-उजवीकडे सरकत राहा. दोन्ही जुळले की फोटोतली इमारत पाण्यात कोणत्या दिशेला होती ते कळतं.